जुन्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड



गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर बाईंनी आम्हाला दारातच गाठले. "तुमच्या घरी संगणक उघडून बसला होतात म्हणे. मग अंकासाठी त्यावरच लिहा, पण मराठीत लिहा!" पहिला भाग सोपा होता, दुसऱ्या भागाने घाम फोडला. ग्राफिक्स कार्डाला मराठीत काय म्हणावे यावर घरात रात्रीच्या जेवणाला बराच खल झाला. चिरंजीवांनी 'चित्रपाटी' सुचवले. शब्द गोड आहे, पण दुकानात जाऊन चित्रपाटी मागितली तर कोणी देणार नाही. तेव्हा आम्ही आपले 'कार्ड'च म्हणतो, आणि बाईंची क्षमा मागून पुढे जातो.

आधी हा उद्योग का करावा लागला ते सांगतो. आमच्या चिरंजीवांचा चुलतभाऊ नाशिकला असतो. दर शनिवारी सकाळी साडेआठला, म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे तिकडे संध्याकाळी सहाला, दोघे भाऊ संगणकावर एकत्र खेळतात. खेळ चालू असताना कानाला हेडफोन लावून जी बडबड चालते ती मराठीत. "दादा, थांब ना जरा!", "अरे, उजवीकडे वळ, उजवीकडे!" आठवड्याभरात चिरंजीव जेवढे मराठी बोलतात त्यातले निम्मे या दीड तासात बोलतात, हे बाईंसमोर कबूल करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

२०२४ च्या दिवाळीत नाशिकच्या दादाला नवा संगणक मिळाला आणि दोघांनी मोटारींच्या शर्यतीचा 'फोर्झा होरायझन ५' खेळायचे ठरवले. हा खेळ २०२१ चा, तर आमचा संगणक २०१६ चा. दादाची गाडी मेक्सिकोच्या रस्त्यांवरून सुसाट निघायची आणि आमच्या चिरंजीवांची गाडी आचके देत, थांबत, उड्या मारत जायची. तीन शनिवार असे गेल्यावर चौथ्या शनिवारी चिरंजीव म्हणाले, "आज नको, डोकं दुखतंय." डोके काही दुखत नव्हते. आमच्या लक्षात आले की आता हात घातला पाहिजे, नाहीतर शनिवारची मराठी बंद पडायची.

नवा संगणक घ्यायचा तर हजारभर डॉलर हवेत. चिरंजीवांकडे शेजाऱ्यांच्या अंगणातला बर्फ उपसून जमवलेले एकशेसाठ डॉलर होते. तेव्हा आहे त्याच संगणकात फक्त कार्ड बदलून भागेल का, हा प्रश्न पुढे आला.

आपल्याकडे एक म्हण आहे : रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल म्हणजे पाणी वाहून न्यायची चामड्याची मोठी पिशवी. पूर्वी ती रेड्याच्या पाठीवर टाकून पाणी घरोघर नेत. रेडा आजारी पडला आणि वैद्याने औषध पखालीला लावले, तर काय उपयोग? संगणक दुरुस्त करताना ही म्हण आठवावी. खेळ अडखळतो म्हणून लोक धावत जाऊन कार्ड आणतात, आणि दोष असतो भलतीकडे. म्हणून पैसे खर्च करण्याआधी रोग कोणाला आहे ते पाहायचे. पण त्यासाठी संगणकाच्या पोटात कोण काय काम करते ते थोडे समजून घ्यावे लागेल.

तुम्ही दिवाळीत वर्गात ठिपक्यांची रांगोळी काढता ना? पडद्यावरचे चित्र म्हणजे तशीच एक रांगोळी समजा. साध्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके, म्हणजे वीस लाखांहून जास्त. प्रत्येक ठिपक्यात कोणता रंग भरायचा ते ठरवावे लागते. एवढ्यावर भागत नाही. चित्र हलते दिसायचे तर ही पूर्ण रांगोळी पुसून सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावी लागते. म्हणजे सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपके. बारा कोटी, चव्वेचाळीस लाख, सोळा हजार. मोठ्याने वाचून पाहा, मराठी आकड्यांचा सरावही होईल.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, हा फार हुशार असतो, पण त्याला हात थोडे. आमच्या संगणकातल्या कोअर आय-५ ६५०० ला चारच कोअर आहेत, म्हणजे चार हुशार बाई. गाडी आता कुठे आहे, दादाची गाडी तिला धडकली का, झाड कोणत्या बाजूला पडेल, हे सगळे त्या ठरवतात. पण वीस लाख ठिपक्यांत रंग भरायला चार बाईंना बसवले तर दिवाळी संपून होळी येईल. तिथे हवीत मुले, पुष्कळ मुले. एकेकट्याला फार डोके लागत नाही, पण सगळ्यांनी एकाच वेळी आपापला कोपरा भरायला हवा. कार्डावरची जी चिप हे काम करते तिला जीपीयू म्हणतात. हे नाव एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली आपल्या 'जीफोर्स २५६' या कार्डाच्या वेळी प्रचारात आणले. आमच्या जुन्या जीटीएक्स ९६० कार्डात अशी १०२४ मुले आहेत. बारा कोटींच्या आकड्याला १०२४ ने भागले तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला बरोबर १,२१,५०० ठिपके येतात. प्रत्यक्षात काम याहून बरेच जास्त असते, कारण एकाच ठिपक्यासाठी सावली, ऊन, पाण्यातले प्रतिबिंब असे अनेक हिशोब करावे लागतात. पण कल्पना येण्यापुरते हे पुरे.

आता रंगांच्या डब्यांकडे वळू. मुलांना रंग हाताशी लागतात. कार्डावर स्वतःची मेमरी असते, ती म्हणजे हे हाताशी ठेवलेले डबे. रस्त्याचा डांबरी पोत, गाडीचा रंग, डोंगर, आकाश, सगळे तिथे भरून ठेवतात. जीटीएक्स ९६० ची ही मेमरी २ जीबी आहे आणि तिथून सेकंदाला ११२ जीबी वेगाने माल उचलता येतो. २०१५ साली हे कार्ड बाजारात आले तेव्हा २ जीबी ठीक होते. 'फोर्झा होरायझन ५' ला कमीत कमी जीटीएक्स ९७० च्या तोडीचे आणि ४ जीबी मेमरीचे कार्ड लागते. मग जे रंग डब्यांत मावत नाहीत ते कुठे जातात? संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजे गराजमध्ये समजा. आणि गराजपर्यंतचा रस्ता अरुंद. आमच्या मदरबोर्डवरून कार्डाकडे येणारा रस्ता सेकंदाला साधारण १६ जीबीच नेऊ शकतो. हाताशी ११२ आणि गराजमधून १६, म्हणजे सातपट फरक. मूल हातात चिमूट धरून उभे आणि रंग येतोच आहे! पडद्यावर आपल्याला जो आचका दिसतो, तो हाच.

हे नुसते तर्काने म्हणून भागत नाही, तपासून पाहावे लागते. त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून बाजूला ठेवायचा आणि खेळ सुरू करायचा. आमच्याकडे सीपीयू ६० ते ६५ टक्के, कार्ड १०० टक्के आणि कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली दिसली. चित्रे सेकंदाला २४ च्या आसपास. मग दुसरी परीक्षा घेतली. पडद्याचे ठिपके कमी केले, १९२० बाय १०८० ऐवजी १२८० बाय ७२०. ठिपके निम्म्याहून कमी झाले आणि चित्रे चाळिसावर गेली. याचा अर्थ अडचण रंग भरणाऱ्या मुलांची होती. ठिपके कमी करूनही चित्रांचा आकडा जागचा हलला नसता, तर अडचण बाईंची, म्हणजे सीपीयूची असती, आणि मग कितीही भारी कार्ड आणले तरी पैसे पाण्यात. ही परीक्षा पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. पाच मिनिटे लागतात आणि एक पैसा लागत नाही.

रोग कार्डालाच आहे हे नक्की झाले. आता कोणते आणायचे?

इथे चिरंजीवांना वाटले की पैशात बसेल ते सर्वांत मोठे कार्ड आणू. आम्ही म्हणालो, आधी पोटोबा, मग विठोबा. कार्डाचा पोटोबा म्हणजे वीज. संगणकातला पॉवर सप्लाय किती वीज देऊ शकतो आणि ती कोणत्या जोडणीतून देतो, हे आधी पाहायचे. कार्ड ज्या खाचेत बसते ती खाच जास्तीत जास्त ७५ वॉट देते. त्याहून जास्त लागली तर पॉवर सप्लायकडून वेगळी केबल जोडतात. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५० वॉट. जीटीएक्स ९६० ला १२० वॉट लागतात, म्हणून खाच आणि एक सहा पिनांची केबल मिळून त्याचे पोट भरते. आमच्या पॉवर सप्लायला तेवढी एकच केबल होती.

पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत ४०० वॉट लिहिले होते. या मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः त्याच रांगेतून जेवतात. आमच्या तक्त्यात २५ अँपिअर होते, म्हणजे १२ गुणिले २५, तीनशे वॉट. शिवाय तो डबा २०१६ पासून चालत होता आणि त्याचा पंखा मिक्सरसारखा आवाज करायचा.

मग कार्डांची यादी काढली. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० चांगले, १२ जीबी मेमरी, पण १७० वॉट खाणारे आणि वापरलेलेही आमच्या पैशांत बसेना. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉटच पुरतात, पण तेही पैशांच्या बाहेर. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात मिळत होते आणि चिरंजीवांनी ते जवळजवळ मागवलेच होते. ते आम्ही का थांबवले ते सांगतो, कारण जुन्या संगणकात नेमकी इथे फसगत होते.

कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला रस्ता मार्गिकांचा असतो, टर्नपाईकवर असतात तशा. खाच सोळा मार्गिकांची असली तरी प्रत्येक कार्ड सोळाही वापरतेच असे नाही. आरएक्स ६५०० एक्सटी चारच वापरते. नव्या मदरबोर्डवर एकेका मार्गिकेचा वेग दुप्पट असल्याने चारांवर बरेचसे निभावते. आमच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी आहे, तिथे चार मार्गिका म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबी. त्यात कार्डाची मेमरीही ४ जीबी, म्हणजे डबे लवकर भरणार आणि गराजचा रस्ता आधीपेक्षा चौपट अरुंद! इंटेलची आर्क कार्डेही स्वस्त वाटली, पण त्यांना 'रिसायझेबल बार' नावाची सोय मदरबोर्डवर असावी लागते. ती नसेल तर त्यांचा वेग बराच उतरतो, आणि आमच्या मदरबोर्डवर ती नाही.

शेवटी एएमडीचे आरएक्स ६६०० ठरले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेले, १७९२ मुलांचे, ८ जीबी मेमरीचे. मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी, म्हणजे आमच्या जुन्याच्या दुप्पट. मार्गिका आठ वापरते, म्हणजे आमच्याकडे ८ जीबीचा रस्ता मिळणार. जुन्यापेक्षा निम्मा, पण डबे चौपट मोठे असल्याने गराजमध्ये जायची वेळच क्वचित येते. वीज १३२ वॉट. नवे आले तेव्हा त्याची किंमत ३२९ डॉलर होती, आम्हाला वापरलेले एकशेवीस डॉलरला मिळाले.

वापरलेले कार्ड घेण्याबद्दल पालकांच्या मनात भीती असते, ती अगदीच अनाठायी नाही. काही ठिकाणी जुन्या कार्डाच्या चिपमध्ये खोटी माहिती भरून ते नव्याच्या नावाने विकतात. म्हणून आम्ही विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या संगणकात कार्ड चालू असताना पाहिले. 'जीपीयू-झेड' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम कार्डाची खरी ओळख सांगतो आणि बनावट असेल तर तसे दाखवतो. मग पंधरा मिनिटे खेळ चालवला, पंखे दोन्ही फिरतात का पाहिले, पडद्यावर ठिगळे किंवा रेघा येतात का पाहिले. विकणारा कॉलेजातला मुलगा होता, त्याला आमच्या चौकशीचा कंटाळा आला असावा. चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने पैसे मोजून दिले. सगळ्या एक आणि पाच डॉलरच्या नोटा होत्या, मोजायला वेळ लागला.

कार्ड घरी आले आणि त्याला आठ पिनांची जोडणी निघाली. आम्ही (इथे 'आम्ही' म्हणजे मी एकटाच, बाकीच्यांना दोष नको) एक स्वस्त अडॅप्टर मागवून ठेवले होते, हार्डडिस्कच्या साटा केबलला लावून आठ पिना करणारे. आमची पदवी मेकॅनिकलची आणि पोट भरते सॉफ्टवेअरवर. घरातल्या खऱ्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणजे आमच्या सौ. त्यांनी ते अडॅप्टर हातात घेऊन विचारले, "साटाच्या पिना बारा व्होल्टला किती अँपिअर सोसतात?" साडेचार. १२ गुणिले साडेचार, ५४ वॉट. आणि आठ पिनांतून कार्ड १५० पर्यंत मागू शकते. अशी अडॅप्टरे वितळतात, पेट घेतात. ते अडॅप्टर तिथल्या तिथे कात्रीने कापून टाकण्यात आले, म्हणजे पुन्हा मोह नको. सहाच्या आठ पिना करणारी केबलही मिळते, आणि १३२ वॉटच्या कार्डाला ती कदाचित पुरलीही असती. पण नऊ वर्षांच्या घरघरणाऱ्या डब्यावर तेवढा भरवसा टाकायची आमची तयारी नव्हती. ५५० वॉटचा नवा पॉवर सप्लाय आणला. त्याचे पैसे आम्ही दिले.

इथे दोन इशारे. तयार मिळणाऱ्या काही संगणकांत पॉवर सप्लायचा आकार किंवा मदरबोर्डची वीजजोडणी कंपनीची स्वतःची, वेगळीच असते आणि बाजारातला साधा पॉवर सप्लाय त्यात बसत नाही. तेव्हा झाकण उघडून २४ पिनांची नेहमीची जोडणी आहे का ते आधी पाहा. दुसरे, सुट्या केबलींचा पॉवर सप्लाय असेल तर जुन्याच्या केबली नव्याला कधीही लावू नका. टोके सारखी दिसतात, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. आमच्या एका मित्राने श्रम वाचवायला जुन्याच केबली ठेवल्या आणि बटण दाबताच हार्डडिस्क गेली. तिच्यात त्याच्या आईचे शेवटचे वर्षभराचे फोटो होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणून आम्ही आधी सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले, मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

रविवारी दुपारी कामाला बसलो. आदल्या रात्री कार्डाची लांबी आणि डब्यातली जागा पट्टीने मोजून ठेवली होती. तीन पंख्यांची काही कार्डे ३० सेंटिमीटरच्या पुढे जातात आणि जुन्या डब्यात हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला आपटतात. आमचे दोन पंख्यांचे, साधारण २० सेंटिमीटरचे, बेताने बसणारे. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' वापरून पुसले, कारण आधीचे कार्ड एनव्हिडियाचे आणि नवे एएमडीचे. मग संगणक बंद करून भिंतीतली वायर काढली आणि चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते.

न्यू जर्सीतला जानेवारी, घरात हीटर चालू, पायाखाली गालिचा आणि अंगात लोकरीचा स्वेटर. दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, तो तुम्हाला माहीत आहेच. तोच चटका चिपला बसला तर ती मरते. म्हणून स्वेटर काढला, डबा लाकडी टेबलावर ठेवला आणि प्रत्येक वेळी आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या धातूला हात लावला. झाकण काढले तर आत धुळीचा थर, भाकरीच्या पिठासारखा. दाबलेल्या हवेच्या डब्याने तो उडवताना पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते.

कार्ड काढताना मागचा स्क्रू काढल्यावर ते ओढायचे नसते. खाचेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची एक छोटी खिटी असते, ती आधी दाबून मोकळी करायची. आमची खिटी कार्डाच्या खाली लपलेली, बोट पोचेना. चिरंजीवांनी लाकडी चॉपस्टिकने ती दाबली. हा शोध पूर्णपणे त्यांचा. नवे कार्ड खाचेवर सरळ धरून दाबले, 'टक्' आवाज आला, स्क्रू घट्ट केला, वीज जोडली, पडद्याची केबल मदरबोर्डच्या जुन्या भोकात न लावता कार्डाच्या भोकात लावली. बटण दाबले. पंखे फिरले.

पडदा काळा.

दहा मिनिटे वाट पाहिली. कार्ड काढून परत बसवले. पडदा काळाच. चिरंजीव काही बोलले नाहीत, फक्त कानापर्यंत लाल झाले. एवढे दिवस उपसलेला बर्फ त्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार. आमच्या मनात त्या कॉलेजच्या मुलाबद्दल नाही नाही ते विचार येऊन गेले, आणि त्याचे आम्हाला आता वाईट वाटते. तेवढ्यात सौ. चहा घेऊन तळघरात आल्या, वाकून आत पाहिले आणि म्हणाल्या, "हे दोन दात बाहेर का लोंबतायत?" आठ पिनांची जोडणी बहुधा सहा अधिक दोन अशी दोन तुकड्यांत येते, म्हणजे जुन्या कार्डालाही चालावी. आम्ही सहा खोचल्या होत्या, दोन शेजारीच हवेत होत्या. आठही पिना लागल्याशिवाय कार्ड कामच सुरू करत नाही, आणि ते योग्यच आहे. दोन्ही तुकडे एकत्र धरून खोचले आणि पडद्यावर विंडोज आले. चहा गार झाला तो झालाच.

आता निकाल. खेळ सेकंदाला साठ चित्रे देऊ लागला, तेही सजावट बरीच वाढवून. मात्र शहराच्या गल्ल्यांत, जिथे खूप गाड्या एकत्र येतात, आकडा पंचेचाळिसावर उतरायचा. टास्क मॅनेजर पाहिला तर कार्ड ६० टक्के आणि सीपीयू १०० टक्के! मुले वाढवली, आता चार बाई कमी पडायला लागल्या. रेडा बदलला म्हणायचा. मुख्य मेमरीची ८ जीबीची एकच पट्टी होती. तिला जोडीला तशीच दुसरी बसवली, तेव्हा आचके कमी झाले, पण गेले नाहीत. याहून भारी कार्ड आणले असते तरी या गल्ल्यांत काही फरक पडला नसता. एकशेवीस डॉलरचेच कार्ड या संगणकाला पुरेपूर होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आमचा लेख वाचून कोणी तरी जुन्या संगणकावर पैसे घालेल आणि आम्हाला बोल लावील. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत आमचा २०१५ सालचा प्रोसेसर नाही. इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्या यादीत आहेत. आम्ही घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव घातले, तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्या संगणकावर बँकेचे काम करत नाही. म्हणजे हा संगणक म्हातारा झाला आहे, हे आम्हाला कार्ड घेतानाही माहीत होते. पण कार्ड आणि पॉवर सप्लाय दोन्ही उचलून उद्या दुसऱ्या डब्यात बसवता येतील, तेवढ्यासाठी हा खर्च पटला. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा असता तर पटला नसता.

शनिवारी साडेआठला पहिली शर्यत झाली. नाशिकचे दादा जिंकले. चिरंजीव म्हणाले, "दादा, तू चिटिंग केलीस!" आम्ही दारातून ओरडलो, "लबाडी म्हण, लबाडी!"

घरचा अभ्यास : (१) एका पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके आहेत. सेकंदाला ६० चित्रे काढायची आहेत आणि १०२४ मुले कामाला आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला किती ठिपके येतील? उत्तर अंकांत आणि अक्षरांतही लिहावे. (२) घरातल्या संगणकाच्या पॉवर सप्लायवरचा तक्ता आईबाबांच्या मदतीने वाचा आणि १२ व्होल्टच्या रांगेत किती वॉट मिळतात ते काढा. लॅपटॉप असेल तर चार्जरवरचे आकडे पाहा. झाकण मोठ्यांशिवाय उघडू नये, आणि पॉवर सप्लायचा डबा तर मोठ्यांनीही उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

आमचे जुने जीटीएक्स ९६० अजून चालते. पुढच्या रविवारी त्याचा पंखा काढून ते वर्गात आणू, म्हणजे १०२४ मुले किती लहान चौकोनात बसतात ते सर्वांना पाहता येईल.